मिनिटाला बारा थेंब

शून्य

मागे जाणाऱ्या गाडीला थांबवायचं तर एक घंटी द्यावी लागते. ती घंटी द्यायच्या नेमक्या क्षणी मास्तरांना शिंक आली. शिंकेला दोन सेकंद लागले, आणि गवत कापायची गाडी दोन सेकंदांत जेवढी मागे जाऊ शकते तेवढी ती गेली. तिथे खेळाची जाळी बांधायचा लोखंडी खांब होता.

'कट्ट' असा आवाज आला.

"घंटी?" उस्तादांनी मान न वळवता विचारलं.

"शिंक," मास्तर म्हणाले.

"आधी घंटी, मग शिंक. सव्वीस वर्षांत एवढं कळू नये?"

"शिंक काय सांगून येते का, उस्ताद?"

उस्तादांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. त्यातली सव्वीस वर्षं मागच्या दाराशी कंडक्टर म्हणून हेच मास्तर उभे होते. कंडक्टर ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो, ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो. निवृत्तीनंतर दोघं एकाच कॉलनीत राहायला आले, तेव्हा त्यांची खरी नावं बहुधा डेपोतच राहून गेली. एकतीस वर्षांत उस्तादांच्या बसला साधा ओरखडा नव्हता. त्याचं रहस्य ते कुणालाही सांगत. "मी पुढे बघतो. मागे बघणं माझं काम नाही." आणि ते शब्दशः खरं होतं. मागे मास्तर बघत. दोन घंट्या आल्या की निघायचं, एक आली की थांबायचं, आणि काहीच आली नाही तर जे चाललंय ते चालू ठेवायचं.

कॉलनीच्या मैदानावरही हीच पद्धत होती. फरक इतकाच, की बसच्या जागी एका बंद पडलेल्या क्लबाकडून आलेली जुनी गवत कापायची गाडी होती: एक सीट, एक स्टीअरिंग, तीन गिअर आणि पोटाखाली गरगर फिरणारं पातं. मास्तरांना उभं राहायला तिच्यावर जागा नव्हती. ते हातात सायकलची घंटी घेऊन मागून चालत.

पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, अगदी खाली होती. म्हणजे खांबाला सगळ्यात आधी लागेल अशी.

मिनिटाला बारा थेंब

मास्तर गवतावर पालथे पडले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून त्यांनी मोजलं.

"बारा."

"नक्की?"

"उस्ताद, धावत्या गाडीत चव्वेचाळीस बसलेले आणि बासष्ट उभे मोजलेत मी. हे थेंब तर बिचारे एकामागे एक, रांगेत उतरतायत."

टाकी प्लास्टिकची होती. कधीकाळी पांढरी असावी. आता जुन्या दातांसारखी पिवळट झाली होती. खालच्या कोपऱ्यात करंगळीएवढी भेग गेली होती आणि भेगेच्या टोकाशी थेंब जमत होता, फुगत होता, थोडा विचार करत होता आणि पडत होता.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला. काकू म्हणजे उस्तादांची बायको. बाकी कॉलनीच्या काकू.

"काय मोडलंत?"

"काही नाही गं. टाकीला जरा—"

"जरा काय?"

"शिंक लागली."

काकू खाली आल्या. त्यांनी भेग पाहिली, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि नेहमीचा टोमणा जिभेवरूनच परत घेतला. कारण त्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी उस्तादांच्या डाव्या डोळ्यात विजेरी मारून शांतपणे सांगितलं होतं, की आता रस्त्यावर गाडी चालवायची नाही. बस नाही, मोटार नाही, स्कूटर नाही. त्यानंतरचे चार महिने उस्ताद गॅलरीत खुर्ची टाकून लांबच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्यांच्या वेळा तपासत बसले. एखादी सात मिनिटं उशिरा आली तर दिवसभर जेवणावर राग काढत. मग ही गाडी आली. मैदान खाजगी, वेग माणसाच्या चालीचा, समोरून येणारं कुणी नाही. स्टीअरिंग असलेली आणि त्यांना चालवायची मुभा असलेली जगात एवढी एकच वस्तू उरली होती.

"दुरुस्त होईल," काकू म्हणाल्या.

"काय दुरुस्त होईल?" मागून सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

सेक्रेटरीबाई कॉलनीच्या कमिटीच्या सेक्रेटरी होत्या. अंबाड्यात पेन्सिल, हातात वही, पायात आवाज न करणारे कापडी बूट. त्या कुठून येतात हे कुणाला कधी कळलं नव्हतं. त्यांनी खाली वाकून एक थेंब बोटावर घेतला, हुंगला आणि न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाल्या, "पेट्रोल."

"हो म्हणजे, टाकी पेट्रोलचीच आहे," मास्तर म्हणाले.

"टाकीत असावं. गवतावर का आहे?"

मास्तरांनी नाक पुसलं.

जिन्याजवळच्या फळ्यावर, त्याच दुपारी

सूचना. मैदानावरील गवत कापण्याचे मशीन गळत असल्याचे निदर्शनास आले आहे. रविवारी सकाळी दहा वाजता कमिटीच्या बैठकीसमोर सदर मशीन मैदानास एक पूर्ण फेरी मारील. फेरीत एक थेंब जरी पडला, तरी मशीन भंगारात देण्यात येईल व गवत कापण्यासाठी बाहेरची माणसे बोलावण्यात येतील. सही, सेक्रेटरी.

खाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात: एक थेंब तर नळाचाही पडतो.

त्याखाली, पहिल्याच अक्षरात: माझ्या नळाचा पडत नाही.

शून्य, फेसासकट

हा बुधवार होता. हातात तीन दिवस होते.

"डेपोत काय करायचो आपण?" मास्तर म्हणाले. "रस्त्यात टाकी गळली की?"

"साबण!" उस्तादांनी मांडीवर थाप मारली.

ही युक्ती खरोखरच ऐकण्यासारखी आहे. पेट्रोल रंग खातं, रबर फुगवतं, बऱ्याच चिकटद्रव्यांचं पाणी करतं. पण साध्या अंग धुवायच्या साबणाचं ते काहीही वाकडं करू शकत नाही. कोरड्या वडीचा कोपरा भेगेत दाबून घासत राहायचं. साबण भेगेत जाऊन बसतो आणि पेट्रोल बंद दाराशी आल्यासारखं थबकतं. मास्तरांनी काकूंची नवी कोरी वडी घेतली आणि पंधरा मिनिटं घासली. त्यानंतर एकही थेंब पडला नाही.

खबरदारी म्हणून टाकीखाली त्यांनी थर्मोकोलचा एक पेलाही ठेवला. त्यात आधी डब्यात धरलेलं थोडं पेट्रोल ओतून ठेवलं, वाया जाऊ नये म्हणून. दहा मिनिटांनी बघतात तो पेला नाही.

"पेला कुणी नेला?"

"कोण नेणार? मी इथंच आहे."

जमिनीवर पांढरा, चिकट, च्युइंगगमसारखा एक लगदा होता. मास्तरांनी त्यात काडी खुपसून पाहिली.

"हा पेला आहे," शेवटी मास्तर हळूच म्हणाले. डेपोत पेले स्टीलचे असत, त्यामुळे हा अनुभव त्यांच्या नोकरीत आला नव्हता.

पण टाकी गळत नव्हती. उस्तादांनी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गुरुवारी पहाटे ते उठले, आणि एकतीस वर्षं पहिल्या फेरीआधी जे करत आले तेच त्यांनी केलं. बादली आणि ब्रश घेतला आणि गाडी धुतली. पुढून धुतली, चाकं धुतली, सीट पुसली आणि मागची बाजू तर खास जोर लावून घासली, कारण तिच्यावर कसलासा पांढरट डाग दिसत होता.

फेस आला. पुष्कळ आला. उस्तादांना बरं वाटलं. गाडी इतकी स्वच्छ कधीच झाली नव्हती.

मिनिटाला एकोणीस

"साबण धुतलात?"

"गाडी धुतली."

"उस्ताद, साबण पाण्यानं जातो हो!"

"मग सांगायचं होतंत ना काल!"

"साबण पाण्यानं जातो हे सांगायचं?"

"आणि बारा होते ते एकोणीस कसे झाले?"

"ब्रश मारलात ना भेगेवर. ती रुंद झाली."

"आता?"

"आता भावाला बोलवा," गॅलरीतून काकू म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"माझ्या."

"नको."

"पाइपाचंच काम करतो ना तो? गळती थांबवणं हाच त्याचा धंदा आहे."

"आपल्या न्हाणीघरात त्यानं थांबवलेली गळती अजून चालू आहे."

"ती वेगळी गळती आहे."

मिनिटाला सव्वीस

काकूंचा धाकटा भाऊ नळजोडणीचं काम करी. तो शुक्रवारी सकाळी आला. टाकी त्याने अशी पाहिली, की टाकीला आपलं काही चुकलं असावं असं वाटलं.

"भावोजी, एवढ्यासाठी चार माणसं? दोन रंगांची लांबी असते, भेगा बुजवायची. मळायची, लावायची, विसरून जायची."

त्याने पांढरी आणि काळी अशा दोन गोळ्या एकत्र मळल्या. राखाडी रंगाचा एकजीव गोळा झाला. टाकी रिकामी करून पुसली आणि भेगेवर तो गोळा असा थापला, की जणू घराच्या भिंतीचं प्लास्टर. वरून ओल्या बोटाने गुळगुळीत केला. काम बघण्यासारखं होतं, यात वाद नाही.

"उद्यापर्यंत दगड होईल," तो म्हणाला. "टाकी फुटेल, पण हे निघणार नाही."

दुपारी तो दगड झालाही. चारच्या सुमारास उस्तादांनी हलकेच टिचकी मारून पाहिली. दगड एका तुकड्यात, सगळ्या गुळगुळीतपणासकट, खाली पडला. मागच्या बाजूला टाकीचा ठसा स्पष्ट उमटला होता. ठेवून द्यावा असा ठसा. फक्त चिकटला नव्हता.

"असं कधी झालं नाही," भाऊ म्हणाला.

"कधी म्हणजे न्हाणीघर धरून?" उस्तादांनी विचारलं.

"ताई, बघ हं, भावोजी—"

"दोघंही गप्प बसा," काकू म्हणाल्या.

भावाने भेग खरवडली, "धार हवी, पकड येईल" म्हणत कानशीने घासली, पुन्हा लांबी लावली. थोडं पेट्रोल घालून पाहिलं. मास्तर पालथे पडले, घड्याळ बघितलं आणि पहिल्यांदाच आकडा सांगायला त्यांनी वेळ घेतला.

"सव्वीस," ते म्हणाले. "आणि एक बाजूनं. तो मी धरला नाही."

त्या संध्याकाळी उस्ताद गॅलरीत बसले. खुर्ची रस्त्याच्या दिशेने वळवलेली होती. काकूंनी ते पाहिलं आणि स्वयंपाकघरातली भांडी जरा जास्तच जोरात लावली.

मोजणं बंद

शनिवारी सकाळी सेक्रेटरीबाई मैदानावर आल्या त्या उद्याच्या फेरीचा मार्ग चुन्याने आखायला. कोपऱ्यात त्यांना चार पाठमोरी माणसं दिसली. भाऊ तिसऱ्यांदा लांबी मळत होता. बाईंनी एक मिनिट पाहिलं. मग चुन्याचा डबा खाली ठेवला.

"थांबा."

सगळे थांबले. भावाच्या हातातला गोळासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"पॉलिथिनला लांबी लावताय?"

"मग काय लावू?" भाऊ म्हणाला.

"काही नाही. पॉलिथिनला काहीही चिकटत नाही. लांबी नाही, डिंक नाही, देवसुद्धा नाही. म्हणून तर त्याचे कॅन करतात."

"तुम्हाला कसं माहीत?" उस्तादांनी विचारलं.

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. अठ्ठावीस वर्षं त्या तेलाचे कॅन बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होत्या. पट्ट्यावरून येणारा कॅन उचलायचा, तोंड बंद करायचं, पाण्यात बुडवायचं, आत हवा सोडायची. बुडबुडा दिसला की बाजूला. दिवसाला सातशे कॅन. त्यांच्या हाताखालून गळका डबा बाजारात गेला, असं अठ्ठावीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. कॉलनीत हे कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं; त्यांना लोक नोटीस वाचण्यापुरतंच ओळखत.

"टाकी सोडवा," बाई म्हणाल्या. "पेट्रोल लांब, त्या टोकाला. काडी, बिडी, मोबाइल, सगळं त्याच्याही पलीकडे. आणि मला एक तशीच वस्तू हवी. ह्याच प्लास्टिकची."

"तशीच म्हणजे?"

"शोधावी लागेल."

मग जे झालं ते कॉलनी बरेच दिवस सांगत राहिली. सेक्रेटरीबाई हातात कात्री घेऊन दारोदार फिरल्या. ज्यांनी आजवर त्यांना फक्त वर्गणीच्या पावतीसकट पाहिलं होतं, त्यांच्या न्हाणीघरात शिरून त्यांनी बादलीच्या काठाचा, टबाच्या कानाचा, डब्याच्या बुडाचा नखाएवढा तुकडा कापून घेतला. आपल्या स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी एकेक तुकडा चिमट्यात धरून पेटवला आणि हुंगला. "हा नाही. ह्याला तिखट वास आहे. हाही नाही, काळा धूर." मास्तर मागोमाग वही घेऊन कोणाच्या बादलीचा कान गेला ते लिहून ठेवत होते. तळमजल्यावरच्या वकीलबाईंनी टबासाठी लेखी माफीनामा मागितला. बाईंनी तो उभ्याउभ्या लिहून दिला.

तेवीस तुकडे झाले. शेवटी बाई आपल्याच न्हाणीघरात गेल्या आणि एक निळा कॅन घेऊन आल्या. त्याचा तुकडा पेटवला. तो मेणबत्तीसारखा जळला, मेणबत्तीसारखाच टपटप गळला आणि वासही मेणबत्तीचाच आला.

"हाच," त्या म्हणाल्या.

"मग आधीच हा का नाही पाहिलात?" काकूंनी विचारलं.

"हा मला निवृत्तीच्या दिवशी दिला होता. वरती सगळ्यांच्या सह्या आहेत."

बाईंनी सह्या नसलेली बाजू शोधली आणि कात्री चालवली.

पुढचे तीन तास उस्ताद, मास्तर, काकू आणि भाऊ ओळीने बसून बघत होते, आणि कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. बाईंनी टाकी साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली, उन्हात ठेवली, मग काठोकाठ पाण्याने भरून भेग वर केली. "आत वाफ राहिली तर मी आणि टाकी दोघी वर जाऊ," त्या सहज म्हणाल्या. भेगेच्या दोन्ही टोकांना त्यांनी सुईच्या जाडीची भोकं पाडली.

"अहो, अजून भोकं?" उस्ताद कळवळले.

"भेग पळते. तिला पळायला पुढे रस्ताच ठेवायचा नाही. भोकापाशी आली की ती थांबते."

"एक घंटी," मास्तर पुटपुटले.

मग सोल्डरिंग आयर्न तापवलं. डाव्या हातात निळी पट्टी, उजव्या हातात तापलेलं टोक. घाई नाही. भेगेच्या कडा आधी वितळू दिल्या, दोन्हीकडच्या, सारख्या. नव्या पट्टीचं टोक त्यात बुडवलं, ते जुन्यात मिसळेपर्यंत थांबल्या, मग तसूभर पुढे. पट्टी वरून चिकटवत नव्हत्या. दोन प्लास्टिकांचं एकच प्लास्टिक करत होत्या. भाऊ आधी हाताची घडी घालून बसला होता. मग पुढे सरकला. मग गुडघ्यावर आला. शेवटी त्याने विचारलं, "ताई, मी दिवा धरू का?" आणि काकूंना दोन सेकंद वाटलं की तो आपल्याशीच बोलतोय.

पिवळ्या टाकीवर एक निळी, बारीक, एकसारखी रेघ उमटली. बाईंनी पाणी ओतून दिलं, टाकीचं तोंड बंद केलं, टाकी टबात बुडवली आणि रबरी नळीतून आत फुंकर मारली. सगळे पाण्यावर वाकले.

एक बुडबुडा आला. मोहरीएवढा.

"हा चालेल," उस्ताद घाईघाईने म्हणाले. "हवेचा आहे. पेट्रोल जाड असतं."

बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की उस्तादांनी आपणहून कान पकडले. बाईंनी टाकी पुन्हा पाण्याने भरली, पुन्हा टोक तापवलं, आणि ती मोहरीएवढी जागा पंधरा मिनिटं घेऊन पुरती केली. दुसऱ्या वेळी टबातलं पाणी इतकं शांत राहिलं, की त्यात पाच चेहरे स्पष्ट दिसत होते.

"बाई," उस्ताद म्हणाले. "पण तुम्हाला तर ही गाडी भंगारात घालायची होती."

"घालायचीच आहे. पण गळते म्हणून घालणार होते. आता दुसरं कारण शोधावं लागेल."

शून्य

रविवारी दहाला कमिटीचे पाच सभासद बाकावर बसले. उस्तादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते सीटकडे निघाले तेव्हा बाईंनी हात आडवा केला.

"तुम्ही नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही चालवलीत तर थेंब पडू नये म्हणून फुलासारखी चालवाल. ती तपासणी नव्हे. टाकीला हादरे बसायला हवेत. अनाडी माणसानं चालवली पाहिजे."

"अनाडी कोण?"

"मी. मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही."

बाई सीटवर बसल्या. उस्तादांनी क्लच दाखवला, ब्रेक दाखवला, गिअर दाखवला. बाईंनी क्लच सोडला. गाडीने बैलासारखी उडी मारली, बाकावरच्या पाच सभासदांनी पाय वर घेतले, आणि फेरी सुरू झाली. उस्ताद कमरेत वाकून, टाकीवर नजर लावून मागून पळत होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते मागे बघण्याचं काम करत होते.

चुन्याची रेघ बाईंनी दोनदा ओलांडली. पहिला कोपरा चुकला, दुसरा जवळजवळ चुकला. तिसऱ्याला उस्ताद ओरडले, "आधी वेग कमी, मग चाक!" चौथा कोपरा बाईंनी असा घेतला, की उस्ताद वाकलेले होते ते ताठ झाले.

"थेंब?" बाकावरून कुणी तरी विचारलं.

"एकही नाही!" मास्तर ओरडले.

फेरी पूर्ण झाली. गाडी थांबली नाही.

"बाई, झाली फेरी!"

"अजून एक. खात्रीसाठी."

दुसरी झाली. तिसरीला बाईंनी आपणहून दुसरा गिअर टाकला. चौथीला अंबाड्यातली पेन्सिल पडली, ती त्यांनी उचलली नाही. बैठकीचं कामकाज त्यांनी सीटवरूनच चालवलं. दर फेरीला बाकासमोरून जाताना एक वाक्य.

"मशीन ठेवावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा—"

पूर्ण एक फेरी.

"—पाच. माझा सहावा. मंजूर! पुढचा विषय—"

पुढचा विषय काय होता ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण गाडी लांब गेली होती. सभासद चहा प्यायला घरी गेले. उस्ताद मैदानाच्या मधोमध उभे होते. गाडी वाचली होती, आणि तिच्यावर बसायला जागा नव्हती.

"उस्ताद," मास्तर म्हणाले, "ह्या उतरणार कधी?"

"पेट्रोल संपलं की."

"टाकी तर गळत नाही."

"तेच तर."

जिन्याजवळच्या फळ्यावर, सोमवारी

सूचना. गाडीचे वेळापत्रक. सोमवार, बुधवार, शुक्रवार: उस्ताद. मंगळवार, गुरुवार, शनिवार: सेक्रेटरी. रविवार: गाडीस विश्रांती. बदल चालणार नाही.

खाली पेन्सिलीने: मंगळवारी मागून घंटी कोण देणार?

त्याखाली: मास्तर. त्यांनी शिंकायचे नाही.

गवत, अर्धं बोट

उस्तादांना आधी वाईट वाटलं. नाही म्हणायचं तर खोटं होईल. पण मंगळवारी ते "सहज" खाली उतरले आणि बाईंना कोपरा शिकवत राहिले, आणि गुरुवारी बाईंनी तोच कोपरा न सांगता घेतला, तेव्हा त्यांनी गॅलरीकडे बघून काकूंना ओरडून सांगितलं, "बघितलंस? हात आहे बाईंना! हात!" एकतीस वर्षांत त्यांच्याकडे शिकायला कुणी आलंच नव्हतं. गॅलरीतली खुर्ची काकूंनी आत घेतली.

अडचण वेगळीच झाली. पूर्वी गवत आठवड्यातून एकदा कापलं जाई. आता सहादा कापलं जाऊ लागलं. दुसऱ्या आठवड्यातच मैदान एखाद्या नव्या गालिच्यासारखं दिसू लागलं आणि तिसऱ्या आठवड्यात कापायला काही उरलंच नाही. ज्या बाई गवत कापायला बाहेरची माणसं बोलावणार होत्या त्याच आता खताची पोती मागवावीत का, असा विषय बैठकीत आणू लागल्या. रोज सकाळी उस्ताद आणि बाई मैदानाच्या कडेला उभे राहत. मास्तर शाळेची पट्टी घेऊन गुडघ्यावर बसत.

"किती?" एका सकाळी दोघांनी एकदम विचारलं.

हा सोमवार होता. म्हणजे उस्तादांचा दिवस. आणि कालचा रविवार सुटीचा, म्हणजे गवताला वाढायला एक पूर्ण दिवस जास्तीचा मिळालेला. उस्तादांनी शर्टाच्या बाह्या दुमडूनही ठेवल्या होत्या.

मास्तरांनी पट्टी एकदा लावली. पुसून पुन्हा लावली.

"शनिवारपेक्षा कमी आहे," ते म्हणाले.

"कमी कसं असेल? गवत आहे का बर्फ?"

"कमी आहे, उस्ताद. काल कुणीतरी कापलंय."

उस्तादांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी उस्तादांकडे पाहिलं.

"मी नाही," बाई म्हणाल्या. "सुटी मीच लिहिली आहे."

"मी तर दिवसभर झोपलो होतो. हवं तर हिला विचारा," म्हणत उस्ताद मैदानाच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथला सगळ्यात अवघड कोपरा, जो अजून बाईंनाही पुरता साधला नव्हता, इतक्या सफाईने कापलेला होता, की गवताची कड पट्टीने आखल्यासारखी दिसत होती. उस्ताद त्या कडेशी उकिडवे बसले. रागवायचं होतं ते विसरले.

"कोण आहे हा?" ते म्हणाले. "माणूस तयारीचा आहे. क्लच बघा कसा सोडलाय. कुठे धक्का नाही."

त्यांनी मान वर केली. काकू चहाचे कप घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या चपलांच्या टाचांना बारीक, हिरवं, कालचं गवत चिकटलेलं होतं.

"तू?" उस्ताद म्हणाले. "तुला कुणी शिकवलं?"

"कुणी म्हणजे?" काकूंनी कप त्यांच्या हातात दिला. "बत्तीस वर्षं रात्रभर झोपेत बडबडता. क्लच हळू सोड, क्लच हळू सोड. एवढं ऐकून गाढवसुद्धा शिकेल."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि त्या फळ्याकडे चालू लागल्या.